हसू नका

माझे दाजी पासपोर्टचे फोटो काढतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या रस्त्यावर त्यांना कुणी नावाने ओळखत नाही; ‘हसू नका’चं दुकान कुठे म्हणून विचारलं की शेंबडं पोरही बोट दाखवतं. स्टुलावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते दिवसभर हेच सांगतात, आणि सांगता सांगता स्वतःही हसायचं विसरलेत. माझ्या लग्नाचे फोटो घरचा माणूस म्हणून त्यांनीच काढले. त्या अल्बमात दोन्हीकडची मंडळी अशी बसली आहेत, की आत्ता कुणाला तरी शिक्षा सुनावणार आहेत. बायको तो अल्बम पाहुण्यांना दाखवत नाही.

दुकान म्हणजे एक खोली. डावीकडे लाँड्री, उजवीकडे किल्ल्या करून देणारा. आत राखी पडदा, एक स्टूल, एक आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, कारण आधीचे कंगवे गिऱ्हाइकांबरोबर चालते झाले. दाजींचा सगळा जीव माणसाच्या कानांत. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत. केस मागे घ्या, हनुवटी खाली, ओठ मिटा, हसू नका. एवढं सांगूनही एखादा कान लपलाच, तर उठून येतात आणि बल्ब बसवावा तशी समोरच्याची मान दोन बोटांनी फिरवतात. चेहऱ्याचा काही भरवसा नाही, कान मात्र माणसाला कधी दगा देत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरी आलेल्या पाहुण्याकडेही ते आधी बाजूने बघतात.

माझं त्यांच्याशी फार पटतं अशातला भाग नाही. मी लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं आतून ओरडत असतात, इमारतीचा मालक बाहेरून ओरडत असतो, आणि चूक कुणाचीही असो, शिव्या मला. अशा धंद्यात माणसाच्या जिभेला साखर राहत नाही. मी तावातावाने बोलायला लागलो की दाजी माझ्या डाव्या कानाकडे बघत बसतात. माझा डावा कान वरून दुमडलेला आहे, जन्मतःच. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आता कोटांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या कोटांमुळे घडलं. दुकानाच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांना कोट टांगलेत. कोट म्हणजे फक्त पुढची बाजू. पाठ नाही, मागे दोन नाड्या. ज्याला फोटोत साहेब दिसायचंय त्याने पुढून हात घालायचे, ताई मागून नाड्या बांधते. टाय गळ्याशी शिवलेलाच आहे. हौशी लोक वाढले तसे ताईने आणखी शिवले. डॉक्टरचा पांढरा, वकिलाचा काळा, आणि बोटीवरच्या अधिकाऱ्याचा, खांद्यावर सोनेरी पट्ट्या असलेला. त्या शेवटच्याला एक बटण कमी पडलं, तेव्हा तिने उशीच्या अभ्र्याचं गुलाबी बटण काढून लावलं. एवढं कोण बघतंय, म्हणाली.

नमुन्याला कुणीतरी हवं होतं. मी तेव्हा सडपातळ होतो, डोक्यावर केस होते आणि फुकटात मिळत होतो. दाजींनी मला ओळीने सगळे कोट चढवले. हौसेच्या फोटोला नियम नसतो, थोडा हसलास तरी चालेल, म्हणाले. मग ते फोटो त्यांनी दुकानाच्या पानावर इंटरनेटवर टाकले, चांगले मोठे, स्वच्छ. बाकीचे फोटोवाले नमुन्यावर आपल्या दुकानाचं नाव आडवं छापतात, म्हणजे कुणी चोरू नये. दाजींनी छापलं नाही. नाव छापलं तर कान झाकला जातो.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. केस गेले, पोट आलं, चष्मा लागला. इंटरनेटवरचा मी मात्र तसाच राहिलो, हसरा, चार-चार नोकऱ्या करणारा.

लाँड्री जी चालवते तिची भाची तिथे इस्त्री करते. आई गेल्यावर ही पोरगी मावशीकडे आली. मावशी वाईट नाही. तिने तिला कधी उपाशी ठेवलं नाही, हात उगारला नाही; फक्त कपड्यांखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तिच्याशी बोलली नाही. पोरगी सकाळी इस्त्री हातात घ्यायची ती अंधार पडला की ठेवायची. माझे शर्टही तीच करायची. कॉलर माझी नेहमी काळी, तिने कधी तोंड वाकडं केलं नाही.

एका दुपारी ती दाजींकडे व्हिसाचा फोटो काढायला आली. स्टुलावर बसली आणि हसली. दाजी म्हणाले, हसू नका. तिने ओठ मिटले, दाजींनी बटण दाबायला बोट उचललं, ही परत हसली. असं कितीदा तरी झालं. नोकरीसाठी परदेशी निघालेली माणसं फोटोत घाबरलेली असतात, आजारी माणूस बघायला निघालेली रडवेली असतात, हे दाजींना पाठ आहे. हसू आवरत नाही अशी माणसं फक्त प्रेमात पडलेली. म्हणून त्यांनी विचारलं, कुणाकडे चाललीस?

तिला कुणीतरी विचारायचीच खोटी होती. सगळं सांगून मोकळी झाली. मोबाइलवर जोडीदार शोधायचं एक ॲप आहे, तिथे भेटला. बोटीवर अधिकारी आहे. समुद्रात नेट नसतं म्हणून समोरासमोर दिसत नाही, पण आवाज रोज ऐकते. सीमेपलीकडे बंदराच्या गावात त्याने तिच्यासाठी हॉटेलात काम बघून ठेवलंय, बसचं तिकीट पाठवलंय. परवा निघायचं. त्याची मावसबहीण बसस्टँडवर भेटणार, पासपोर्ट ती सांभाळणार, सीमेवर दोन फोटो लागतात तेवढे फक्त हिने आणायचे. आणि घरी एवढ्यात काही बोलायचं नाही, लोक मोडता घालतात. मग तिने त्याचा फोटो दाखवला.

दाजींनी फोटो बघितला. आधी कान. मग गुलाबी बटण.

त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. दिसत नाहीच कधी, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला. मशीनची शाई संपलीय, फोटो उद्या काढू, एवढंच म्हणाले. ताई मागे उभी होती. लग्न झाल्यापासून हा माणूस एकदाही खोटं बोललेला तिने ऐकला नव्हता. शाईची नवी बाटली तिच्या हातात होती, ती तिने गुपचूप पाठीमागे धरली. तिथल्या तिथे का सांगितलं नाहीत, असं मी नंतर दाजींना विचारलं. म्हणाले, माणसाला दचकवलं की तो डोळे मिटून घेतो, मग काही उपयोग नसतो.

मी जेवायला घरी आलो होतो. दाजी आले, खुर्चीवर बसले, माझ्या कानाकडे बघितलं आणि माझ्या बायकोसमोर शांतपणे विचारलं,

“लाँड्रीतल्या पोरीशी तुझं काही चालू आहे का?”

बायकोच्या हातातली पळी हवेतच राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाजींनी त्याच सुरात पुढे सांगितलं, की ती परवा माझ्याकडे निघाली आहे, मी बोटीवर असतो, आणि मी तिला रोज रात्री जेवलीस का म्हणून विचारतो. मी म्हटलं, दाजी, तुम्हाला मी असा वाटलो? तर म्हणाले, वाटला नाहीस, पण फोटो तुझा आहे, तेव्हा एकदा विचारलेलं बरं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मला सोडवलं ते बायकोने. भाजी वाढता वाढता म्हणाली, यांचं नाव घेऊ नका दाजी, मी जेवले की नाही हे यांनी आजवर मला विचारलेलं नाही, त्या पोरीला कुठून विचारतील! सुटका झाली, पण घास काही गोड लागला नाही.

मग हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही हे तिघांनाही कळलं. पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात, घरी कुणाला पत्ता नाही, सीमेपलीकडचं काम कुणी बघितलेलं नाही. अशी गेलेली पोरगी हॉटेलच्या काउंटरवर उभी राहत नाही. तिला कुठे नेतात आणि काय करायला लावतात हे कुणी मोठ्याने बोललं नाही. बायको ताटावरून उठली. तिला आमची स्वतःची पोरगी आठवली होती.

ती उठली ती थेट मोबाइल घेऊन बसली. त्या ॲपवर गेली, माझं तोंड शोधून काढलं आणि कंपनीकडे तक्रार ठोकली. कंपनी तत्पर निघाली. संध्याकाळच्या आत ते खातं बंद झालं आणि बायकोला आभाराचं पत्र आलं, सोबत लाल बदामाचं चित्र. बायको खूश. मीही म्हटलं, चला, साप मेला, काठीही मोडली नाही.

ताई तोवर पोलीस ठाण्यात गेली होती. तिथे पोरी फसवून नेण्याच्या प्रकरणांसाठी नेमलेल्या एक पोलीसबाई आहेत. त्यांनी ‘हसू नका’ ऐकताच ओळखलं, कारण त्यांच्या ओळखपत्राच्या फोटोसाठी दाजींनी त्यांची मान तीनदा फिरवली होती. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, की पोरीवर ओरडू नका, कोंडू नका, फोन हिसकावू नका. तसं केलं की ती त्याचीच होते. आणि एवढ्यात ते खातं बंद करायला लावू नका. तेवढीच एक खिडकी आहे त्याला बघायची, बंद झाली की तो दुसऱ्या नंबरावरून बोलतो आणि घाई करतो. ताई घरी येऊन हे सांगेपर्यंत बायको त्या बदामाकडे बघत होती. मग तिने मोबाइल पालथा ठेवला.

बाई म्हणाल्या तसंच झालं. दुसऱ्या दिवशी दाजी शटर उघडतात तोच पोरगी दारात, खांद्याला बॅग. फोटो द्या, आजच निघायचंय. तुझ्या घरच्यांनी कट करून माझं खातं बंद करवलं, आज आलीस तर माझी, नाहीतर विसर, असं त्याने नव्या नंबरावरून कळवलं होतं. डोळे सुजलेले होते, पण हसू अजून होतंच. दाजी म्हणाले, बस, काढतो. ताईने पडद्याआडून मला फोन केला, आणि दुसरा पोलीसबाईंना.

मी लिफ्टच्या खड्ड्यातून तसाच गेलो, हाताला ग्रीस. पोरीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, काका, तुमचे शर्ट मावशीकडे तयार आहेत. काखेत कळसा म्हणतात तो असा. ज्या चेहऱ्यासाठी ती घर सोडून निघाली होती, त्याच्या कॉलरी ती वर्षभर घासत होती, आणि आता मी समोर उभा तर तिला माझे शर्ट आठवले.

दाजींनी मला स्टुलावर बसवलं. भिंतीवरून तो बोटीवाला कोट काढला. माझ्या पोटावर तो बसेना, तेव्हा ताईने नाड्यांना जोड दिली. पोरगी घड्याळाकडे बघत होती. तिचा फोटो सोडून या काकांना सजवण्यात काय वेळ घालवतायत, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. दाजींनी माझी मान दोन बोटांनी फिरवली, म्हणाले, हसू नका, आणि फोटो काढला. मग तो कॉम्प्युटरवर घेतला, त्याच्या शेजारी माझा जुना फोटो लावला आणि दोन्हीकडचा डावा कान मोठा करून दाखवला.

पोरगी वाकून बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. चेहरा एकदम उजळला.

“तुम्ही त्यांचे वडील का?” तिने विचारलं. “ते तर म्हणाले, वडील नाहीत.”

मला माझ्या वयाचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून वाईट त्या पोरीच्या तोंडाकडे बघून वाटलं. सासऱ्यासमोर आलेय म्हणून तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवली होती आणि केस सारखे केले होते.

दाजींनी मला स्टुलावर फिरवलं, पाठ तिच्याकडे. पाठीला कोटच नव्हता; ग्रीस लागलेला माझा शर्ट आणि ताईने बांधलेल्या नाड्या. मग परत समोर फिरवलं आणि त्या गुलाबी बटणावर बोट ठेवलं. पोरीने आपला मोबाइल काढला, त्यातला फोटो मोठा केला, बटण बघितलं. दाजींनी कॉम्प्युटरवर माझा डॉक्टर लावला, मग वकील, मग साधा साहेब. सगळे तिच्याकडे बघून हसत होते.

तिने एकेक फोटो बघितला. मग म्हणाली,

“मग रात्री जेवलीस का म्हणून विचारतं, ते कोण?”

दाजी म्हणाले, ते मला माहीत नाही, पण तो हा नाही. ताईने डोळ्याला पदर लावला. पोरगी मात्र अजून तयार नव्हती. चेहरा दुसऱ्याचा लावला असेल, म्हणाली, दिसायला बरा नसेल म्हणून लाजत असेल. विचारतो तो तर खराच आहे ना. कान दाखवून झाले, कोट दाखवून झाले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बॅगेचा पट्टा तिने परत खांद्याला लावला. मला ओरडावंसं वाटत होतं. दाजींनी माझ्याकडे बघितलं, मी गप्प बसलो.

मग दाजी तिला म्हणाले, बरं, खरा असेल. एक कर. त्याला फोन कर आणि सांग, मावशीला कळलंय, तिची हरकत नाही, ती सोबत येतेय, तुझं काम बघून दोन दिवसांनी परतेल. खरा असेल तर त्याला आनंदच होईल.

तिने विचार केला. एवढं काहीच नाही, म्हणाली, आणि फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला, त्याचा चांगुलपणा आम्हालाही कळावा म्हणून. गोड आवाज होता, तरणा. मावशीचं ऐकून तो आधी हसला. मावशीला कशाला त्रास, म्हणाला. ही म्हणाली, तिला त्रास नाही. तो म्हणाला, घरी बोलायचं नाही असं ठरलं होतं ना. ही म्हणाली, कळलं आता, काय करू. मग त्याचा आवाज बदलला. तसा आवाज मी धंद्यात ऐकलाय. माल वेळेवर आला नाही की मालक माणसं अशी बोलतात.

“हे बघ, एकटीच यायचं,” तो म्हणाला. “मी तिकडे दोघी सांगितल्यात. दुसरी केव्हाची येऊन बसलीय. तुझ्या मावशीसाठी गाडी थांबणार नाही.”

“दुसरी कोण?” पोरीने विचारलं.

पलीकडून फोन बंद झाला.

पोरगी स्टुलावर बसली, मी उठलोच होतो. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. बंद फोनकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, ती तिथे बसलीय. आम्हाला आधी कळलंच नाही. ती उठून उभी राहिली आणि दाजींवर जवळजवळ खेकसली, की काका, दुसरी कुणीतरी तिथे बसलीय, चला. जिला थांबवायला आम्ही सकाळपासून धडपडत होतो, तीच आता आम्हाला बसस्टँडकडे ओढत होती. तेवढ्यात पोलीसबाई आल्या, साध्या कपड्यांत. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कॉम्प्युटरवरच्या माझ्याकडे, आणि माझं मनगट पकडलं. ताईने सगळं समजावून ते सोडवलं.

बसस्टँडवर मी त्याच कोटात पोचलो. ताईने नाड्यांना घट्ट गाठ मारली होती आणि वाटेत ती कुणालाच सुटली नाही. पुढून बोटीवरचा अधिकारी, मागून लिफ्टवाला. लोक दोन्ही बाजूंनी बघत होते. सीमेच्या गाडीजवळच्या बाकावर एक पोरगी बसली होती, पायाशी नवी बॅग, वेणी घट्ट घातलेली. शेजारी एक बाई, हातात दोन तिकिटं, दर मिनिटाला रस्त्याकडे बघणारी. पोलीसबाई त्या बाईशेजारी जाऊन बसल्या आणि काहीतरी हळू बोलल्या. तिकिटंवाली उठायला गेली, पण पोलीसबाईंच्या दोन माणसांनी तिला उठू दिलं नाही.

बाकावरची पोरगी घाबरली. तिने माझ्याकडे बघितलं, मग मोबाइलकडे, मग माझ्या कानाकडे. तिच्या मोबाइलमध्ये मी डॉक्टर होतो. मी काही बोललो असतो तरी ते त्याचंच वाटलं असतं. दाजी पुढे झाले, तेवढ्यात लाँड्रीतल्या पोरीने त्यांना हाताने मागे सारलं आणि तिच्याशेजारी बसली. आपली बॅग तिच्या बॅगेशेजारी ठेवली.

“जेवलीस का?” तिने विचारलं.

दुसरीने नाही म्हणून मान हलवली. “ते म्हणालेत, तिकडे पोचल्यावर एकत्र जेवू.”

“मलाही तेच म्हणालाय.”

तिने आपला मोबाइल उघडून तिच्या मोबाइलशेजारी मांडीवर धरला. दोघी वाचत होत्या. रोज रात्री, एकाच वेळी, त्याच शब्दांत, जेवलीस का. हिला विचारून झालं की तिला. बस निघून गेली तरी त्या वाचतच होत्या. मी जाऊन दोघींसाठी खायला घेऊन आलो. हिने अर्धं तिच्या हातात दिलं तेव्हा ती रडायला लागली, आणि मग हीसुद्धा.

त्या बाईला पकडलं. फोनवरचा आवाज कुणाचा होता ते अजून कळलेलं नाही. पोलीसबाईंनी कंपनीला पत्र लिहिलं. बंद केलेल्या खात्याचं सगळं बोलणं कंपनीने जपून ठेवलं होतं, तेव्हा बायकोचा जीव भांड्यात पडला. माझ्या तोंडाची आणखी काही खाती निघाली, तीही उतरवली. एकात मी विधुर होतो. ते ऐकल्यावर बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, जेवलीस का, तर म्हणाली, आता तुमचं हे ऐकून भीतीच वाटते. पण ताट वाढून माझ्यासमोर येऊन बसली.

दाजींनी नमुन्याचे जुने फोटो काढून टाकले. दुकानाच्या काचेत आता माझा नवा फोटो आहे, टक्कल, पोट, बोटीचा कोट. त्यावर त्यांनी दुकानाचं नाव आडवं छापलंय, बरोबर डाव्या कानावरून. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘हा माणूस कुणाशीही लग्न ठरवत नाही.’ मी भांडलो. उपयोग झाला नाही. आणि व्हिसाचा फोटो काढायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आता विचारतात, कुणाकडे चाललात, तो समोर दिसलाय का, आणि तुमच्या घरून कुणी आलं तर त्याला चालेल का. काही गिऱ्हाइकं उठून दुसऱ्या दुकानात जातात. त्या दुकानदाराला दाजी जाऊन सांगून आलेत, की तूही विचार.

लाँड्रीतली पोरगी मावशीकडेच आहे. मावशी आता तिच्याशी कपड्यांखेरीज बोलते. सवय नाही म्हणून चुकीचंच काहीतरी बोलते, पण बोलते. मध्यंतरी पोरीला मोठ्या लाँड्रीत नोकरी लागली, तेव्हा ओळखपत्राचा फोटो काढायला ती दाजींकडे आली. मी तिथेच होतो. ती स्टुलावर बसली, केस मागे घेतले, हनुवटी खाली, ओठ मिटलेले, नजर समोर. दाजींना काही सांगावं लागलं नाही. पहिल्याच झटक्यात फोटो आला, नियमात तंतोतंत बसणारा.

दाजी त्या फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, परत घेऊ, हलला वाटतं. हललेला नव्हता. त्यांनी परत घेतला, मग परत. तिच्या पाठीमागून ताईने मला खूण केली, काहीतरी बोल. मी माझ्या कोटाची गोष्ट काढली, बसस्टँडवर लोक कसे बघत होते ती. पोरीने ऐकून घेतलं. फोटो तसाच आला. दाजी घेतच राहिले, जरा मान इकडे, जरा दिव्याकडे बघ, आणि एकदाही हसू नका म्हणाले नाहीत.

शेवटी पोरगीच उठली.

“पहिलाच द्या काका,” ती म्हणाली. “कामाला तोच चालतो.”